वेखंड: गुटीत, धुरीत, धान्यात. मराठवाड्यात कुठे कसं वापरतात?

मांजराकाठ

बाळंतिणीच्या शेगडीत ओवा, शेपा, वावडिंग आणि वेखंड पडलं नाही असं घर आमच्या लातूर भागात जुन्या पिढीपर्यंत तरी क्वचितच सापडेल. धान्याच्या कोठीत वेखंड, लोकरीच्या कपड्यांत वेखंड, सर्दी झालेल्या लेकराच्या छातीला वेखंड, गुटीच्या सहाणेवर वेखंड. पण त्याबद्दल एका जागी सलग लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही, आणि ज्या बायकांना हे सगळं ठाऊक आहे त्या आता थकल्या आहेत. म्हणून हा धागा.

निमित्त घरातलं आहे. भाचीला मुलगी झाली, दोन महिन्यांची आहे. भाचीच्या सासूबाई म्हणतात गुटी सुरू करा आणि त्यात वेखंड पाहिजेच, "जीभ हलकी होते, लेकरू लवकर बोलतं". बालरोगतज्ज्ञ म्हणतात सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही. दोघांनाही बाळाचं भलंच हवं आहे, आणि भाचीची ओढाताण होते आहे.

आमच्याकडचे वापर सांगते. सर्दीला वेखंडाचं कांडं कोमट पाण्यात सहाणेवर उगाळून छातीला, पाठीला पातळ लेप. पोट फुगलं तर बेंबीभोवती हिंगाबरोबर तोच लेप. आंघोळीनंतर टाळूवर चिमूटभर पूड. डोक्यात उवा झाल्या तर पूड खोबरेल तेलात कालवून रात्री लावायची आणि सकाळी शिकेकाईनं न्हायचं. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना वेखंड-सुंठीचा गरम लेप. गुळण्यांसाठी कोणी वापरत असेल तर मला माहीत नाही, आमच्याकडे नव्हतं.

तुमच्या गावाकडचं लिहा. आणि पोटात देण्याबद्दल ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कोणाची भीड न ठेवता लिहा.

बालाघाट

मी अंबाजोगाईची, वय सत्तरीच्या पुढे. मांजराकाठबाई, तुमच्या यादीत गुटीची पद्धत राहिली, ती मी सांगते, कारण सगळी मेख त्या पद्धतीत आहे.

गुटीच्या डब्यात हिरडा, बेहडा, जायफळ, मायफळ, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, पिंपळी, आस्कंद, सागरगोटा, डिकेमाली, बदाम, खारीक आणि वेखंड. सगळं अख्खं, कुटलेलं काही नाही. सहाण उकळत्या पाण्यानं धुवायची, त्यावर आईचं दूध घालायचं आणि एकेक वस्तू हातात धरून गोल फिरवायची. एकदा फिरवलं की एक वेढा. बदाम-खारकेचे वेढे जास्त, हिरड्याचे त्याहून कमी, आणि जायफळ, अतिविष, वेखंड यांचा जेमतेम अर्धा-एक. माझ्या आत्याबाई तर वेखंड सहाणेला नुसतं टेकवून उचलायच्या. हात जड असलेल्या सुनेला त्या डब्याला हातच लावू द्यायच्या नाहीत.

रोज सगळं द्यायचं हे पण नव्हतं. लेकराचं शी-शू बघायचं, पोट बघायचं, मग आज काय आणि उद्या काय ते ठरवायचं. जुलाब होत असतील तर हिरडा बंद. लेकरू सुस्त वाटलं की जायफळ बंद. ताप असेल तर गुटीच बंद. आताच्या मुली दुकानातून तयार पूड आणतात आणि चमच्यानं देतात. त्या पुडीत वेखंड किती पडलंय हे कोण सांगणार? मला याचीच जास्त धास्ती वाटते.

परभणीचा वैद्य

बालाघाटकाकूंनी वेढ्याबद्दल जे लिहिलं ते प्रत्येक आईनं वाचावं. त्यामागचं शास्त्र थोडं मांडतो.

वेखंड म्हणजे ग्रंथातली वचा. उग्रगंधा, षड्ग्रंथा, गोलोमी ही तिची आणखी नावं. चरकानं तिला लेखनीय आणि संज्ञास्थापन या गणांत घातलं आहे. म्हणजे साचलेला कफ-मेद खरवडून काढणारी आणि हरपलेली शुद्ध परत आणणारी. चवीला कडू-तिखट, वीर्यानं उष्ण, गुणानं तीक्ष्ण. अपस्मार, उन्माद, स्मृतिदोष यांत ती येते. सारस्वत चूर्णात बाकी सगळ्या द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी एकटी वचा घालायला सांगितली आहे. पोटाच्या वातावर हिंगुवचादी चूर्ण आहेच.

आता मात्रा. भारताच्या अधिकृत आयुर्वेदीय औषधिकोशात वचेच्या चूर्णाची प्रौढाची मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम दिली आहे. चिमटीत मावतं त्याच्याही आतली गोष्ट. त्याच कोशात उलटी करवण्यासाठीची मात्रा १ ते २ ग्रॅम आहे. म्हणजे पाव चमचा इकडे-तिकडे झालं की औषधाचं वमन होतं, तेही मोठ्या माणसात. दोन महिन्यांच्या बाळात तो हिशेब चमच्यानं करणं धोक्याचं आहे.

दुसरं, पोटात द्यायची वचा आम्ही शुद्ध करून घेतो. गोमूत्रात, मग मुंडी या वनस्पतीच्या काढ्यात, मग पंचपल्लवांच्या (पाच झाडांच्या पानांच्या) काढ्यात स्वेदन करायचं, म्हणजे शिजवून घ्यायचं, असा क्रम आहे. दुकानातलं कांडं असं शुद्ध केलेलं नसतं. गरोदर बाईला, रक्तस्राव होत असलेल्याला आणि पित्त भडकलेल्याला मी वचा देत नाही.

सुश्रुतानं नवजातासाठी सोनं, कुष्ठ, वचा, मध, तूप असा पाठ सांगितला आहे, हे खरं. तो पाठ पुढे करून "ग्रंथात आहे, द्या" असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. बाळाच्या बाबतीत मी भाचीच्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे: सहा महिने फक्त आईचं दूध.

काळी माती

वैद्यबुवा, तुमचा मान राखून बोलतो. आमच्या घरात, गावात, पंचक्रोशीत समद्यांनी वेखंड चाटलंय. आजीनं तिच्या लेकरांना दिलं, आईनं आमाला दिलं. कोणाला काय झालं नाही. आता बाहेरच्या देशातलं कायतरी वाचून आपलं आपणच टाकून द्यायचं, हे मनाला लागतं. जे टिकलं ते खरं असल्याबिगर टिकत नसतं.

अणुरेणू

काळी माती, तुमची तळमळ कळते. मी रसायनशास्त्र शिकवतो, नांदेडला. "बाहेरच्या देशातलं" जे आहे ते नेमकं काय आहे तेवढं सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

वेखंडाचा वास त्यातल्या तेलाचा. त्या तेलातला एक घटक बीटा-असारोन. वेखंड, म्हणजे अकोरस कॅलामस, जगभर एकसारखं नाही. त्याच्या पेशीतल्या गुणसूत्रांचे संच वेगवेगळे असतात. उत्तर अमेरिकेतल्या दोन संचांच्या वेखंडात बीटा-असारोन जवळजवळ नसतंच. युरोपातल्या तीन संचांच्या जातीत ते थोडं असतं. आपल्याकडच्या चार संचांच्या जातीत मात्र तेलाचा मोठा भाग तेच असतं. १९६० च्या दशकात जम्मूच्या वेखंडाचं तेल उंदरांना दीर्घकाळ खाद्यातून दिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी दिसल्या. त्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं वेखंड, त्याचं तेल आणि अर्क खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. युरोपात पूर्ण बंदी नाही, पण मद्याच्या स्वादासाठी वापरलं तर बीटा-असारोन किलोमागे १ मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये असा नियम आहे.

ते प्रयोग उंदरांवरचे, नुसत्या तेलाचे आणि मोठ्या मात्रेचे होते. सहाणेवरच्या अर्ध्या वेढ्यानं माणसाला कर्करोग होतो असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण ज्या जातीवर शंका आहे तीच आपल्या बाजारात येते. तान्ह्या बाळाचं यकृत अजून तयार होत असतं. तिथे शंकेचा फायदा मी बाळाला देईन, वेखंडाला नाही.

दवाखान्यातली ताई

ग्रामीण भागात परिचारिका म्हणून काम करते. दादा (काळी माती), "कोणाला काय झालं नाही" हे मी घरोघर ऐकते. ज्या घरात लेकरू गेलं त्या घरात ते कशानं गेलं हे कोणी विचारलेलं नसतं. त्या काळात लेकरं दगावायचीच, त्यामुळे कशाचा दोष कशावर हे कधी निवडलंच गेलं नाही. तुमच्या आजीला मी नावं ठेवत नाही. त्यांच्या हाताशी जे होतं ते त्यांनी जपून वापरलं.

गुटीपायी आमच्याकडे येणारी बाळं बहुतेक उलट्या-जुलाबानं बेजार झालेली असतात. पाण्यानं नुसती विसळलेली सहाण, ओल्या डब्यात बुरशी धरलेल्या काड्या, माश्या. वेखंडाचा दोष सोडला तरी ही घाण बाळाच्या पोटात जाते. आणि मध! वेखंड मधात चाटवायची पद्धत कित्येक घरांत आहे. एक वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नका. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मोठ्यांना त्याच मधानं काही होत नाही, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही.

धुरीचंही सांगते. बंद खोलीत शेगडी ठेवून बाळ-बाळंतीण दोघांना कोंडू नका. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही. बाळंतिणीला शेक घ्यायचा असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा आणि तेवढा वेळ बाळ दुसऱ्या खोलीत असू द्या.

सीमेवरची

माझं माहेर उदगीरकडचं, सासर देगलूरचं. माहेरी कानडी शेजार, सासरी तेलुगू शेजार, आणि तिन्ही भाषांत वेखंडाचा एकच लौकिक: लेकराला वाचा फुटते. कानडी बायका याला बजे म्हणतात, तेलुगू बायका वस. तेलुगूत खूप बडबड करणाऱ्याला वसपिट्टच म्हणतात, इतका हा समज खोल आहे. काळ्या दोऱ्यात वेखंडाचा तुकडा ओवून मनगटात बांधतात. तो मात्र काढा, लेकरू तोंडात घालतं, गिळलं तर घशात अडकतं.

आमच्या गल्लीत एका लेकराला बोलायला उशीर होत होता. घरच्यांनी किती महिने वेखंड चाटवलं. शेवटी कान तपासले तर ऐकूच येत नव्हतं. यंत्र बसवल्यावर ते बोलायला लागलं, पण मधला काळ गेलाच ना. लेकरू हाकेला वळत नसेल, वर्षाचं झालं तरी एकही शब्द नसेल, तर आधी कान तपासा.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हकिमांची औषधंही इथे घरोघर रुजली. युनानीत वेखंडाला वज तुर्की म्हणतात, तोतरेपणावर आणि लकव्यावर ते सांगतात. माझे आजेसासरे अत्ताराच्या दुकानातून आणताना याच नावानं मागायचे.

हळदीचं रान

वसमतहून. हळद पिकवतो, आमच्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वेखंडाचा आमचा वापर शेतातला आणि कोठीतला, त्याबद्दल लिहितो, कारण धागा फार गुटीत अडकला.

हरभरा, तूर, मूग भरून ठेवताना कडक ऊन द्यायचं. मग वेखंडाची कांडी ठेचून सुती फडक्याच्या पुरचुंडीत बांधायची आणि कोठीच्या तळाला, मध्ये आणि वर ठेवायची. जोडीला कडुनिंबाचा वाळलेला पाला. भुंगा लागत नाही असं नाही, पण लागला तरी वाढत नाही. झाकण घट्ट पाहिजे, वास उडाला की पुरचुंडी बदलायची. दाणे दळायला काढताना पुरचुंडी न विसरता बाजूला काढायची आणि धान्य पाखडून घ्यायचं. ज्वारीला आम्ही वेखंड कमी वापरतो, तिला पालाच पुरतो. ट्रंकेतल्या रजया, जुनी कागदपत्रं, सातबारे, सगळ्यात एकेक कांडी.

अणुरेणू सरांनी सांगितलेलं वाचून माझ्या डोक्यात एक गोष्ट आली: किडींवर जे चालतं ते तेच तेल का?

अणुरेणू

होय, तेच. वेखंडाच्या तेलाच्या वाफेनं किडे मरण्यापेक्षा वांझ होतात असं संशोधनात दिसलं आहे. बीटा-असारोनमुळे मादीच्या अंडाशयाची वाढ खुंटते. तुमचं "लागला तरी वाढत नाही" हे निरीक्षण अगदी त्याच्याशी जुळतं. वाफ कोंडलेली राहिली तरच हे होतं, म्हणून घट्ट झाकण. ज्या बायकांनी हे शोधलं त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पण किती बारकाईनं पाहिलं असेल! मला या वापराबद्दल मनापासून आदर आहे. आणि जे किड्याच्या अंडाशयापर्यंत पोचतं ते बाळाच्या जिभेवर ठेवताना हात थबकायला हवा, तोही याच कारणानं.

हळदीचं रान

सर, पटलं. काळी माती भाऊ, "आपलं टाकून द्यायचं" म्हणालात म्हणून हळदीचंच सांगतो. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. जिंकलो कशावर, तर जुन्या ग्रंथांत आणि नियतकालिकांत हा वापर लिहून ठेवलेला होता म्हणून. नुसतं "आमच्या आजीला माहीत होतं" म्हणून भागलं नसतं. म्हणून मांजराकाठताईंचं हे काम मोलाचं आहे. काय वापरायचं, किती, कुठे थांबायचं, सगळं लिहिलं पाहिजे.

काळी माती

आता नीट उमगलं. वेढ्याचं तर आमच्या आईचंही तसंच होतं, ती बी म्हणायची "दाखवून काढायचं". मी ते फक्त दिलं-दिलं एवढंच ध्यानात ठेवलं होतं. आईला इचारून तिचे बाकीचे वापर लिहितो. एक विचारायचं होतं: बाजारात पांढरं वेखंड म्हणून महाग काहीतरी देतात, ते काय असतं? आणि आपल्या रानात वेखंड येईल का?

परभणीचा वैद्य

पांढरं वेखंड, बालवच अशा नावांखाली भलतंच काही मिळतं. कधी आयरिसचं मूळ, कधी हिमालयातलं दुसरंच कंदमूळ. लेकरासाठी सौम्य म्हणून ते विकतात, त्यावर भरवसा ठेवू नका. कोळिंजनाचीही गल्लत होते. ओळख अशी: खरं वेखंड हलकं, किंचित चपटं, वरच्या बाजूला पानांच्या खुणांची आडवी कडी, खालच्या बाजूला मुळं तुटल्याचे बारीक गोल ठिपके. मोडलं तर आत फिकट, स्पंजासारखं, आणि वास उग्र. कोळिंजन लालसर तपकिरी, टणक आणि आल्याच्या वासाचं असतं. भुंगा लागलेलं, वास गेलेलं वेखंड कशालाच घेऊ नका.

तेरणा

रानाचं मी सांगते, परसात लावलं आहे. वेखंड मुळात दलदलीचं झाड, पाय सतत ओल्यात पाहिजेत. कर्नाटकात तुमकुरकडे त्याची भातासारखी शेती होते. आपल्या कोरडवाहू रानात ते होणार नाही, उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात त्याच्यासाठी पाणी मागणंही बरोबर नाही. पण हातपंपाजवळचं थारोळं, हौदाची ओल, गुरांच्या पाण्याच्या टाक्याची सांड, अशा जागी मस्त येतं. साबणाचं पाणी नको. कोंब असलेला कांड्याचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडावर चिखलात वीतभर अंतरानं लावायचा. पानं तलवारीसारखी उभी, चुरगळली की वास येतो. साधारण वर्षानं पानं पिवळी पडायला लागली की खणायचं, मुळ्या काढायच्या आणि सावलीत वाळवायचं. कडक उन्हात तेल उडतं.

मांजराकाठ

भाचीच्या सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. बालाघाटकाकूंच्या वेढ्यापाशी त्यांनी दोनदा थांबवलं, त्यांच्या घरचंही हेच होतं म्हणाल्या. सहा महिने गुटी नाही हे त्यांनी मान्य केलं, मनगटातला तुकडा स्वतःच सोडला. त्यांचे दोन प्रश्न आहेत. टाळूवर पूड चालेल का? आणि सर्दीचा लेप तरी लावू द्या म्हणतात.

परभणीचा वैद्य

टाळूवर पूड नको. बारीक पूड उडते, बाळाच्या नाकातून फुप्फुसात जाते, आणि त्यात त्रास देणारं तेलही आहे. टाळूला कोमट केलेलं साधं तेल पुरे.

लेप दोन महिन्यांच्या बाळाला मी सांगणार नाही. त्या वयात त्वचा पातळ असते, लावलेलं आत जिरतं. नाक चोंदलं तर डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब घाला आणि अंगावर पाजत राहा. बाळाला ताप असेल, श्वास भरभर होत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा दूध ओढत नसेल तर लेप-बिप काही न करता दवाखाना गाठा, रात्र असली तरी. बाळ मोठं झाल्यावर लेप लावाल तेव्हा आधी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून तासभर पाहा. लाल झालं तर धुऊन टाका. आजींच्या स्वतःच्या गुडघ्यांना मात्र वेखंड-सुंठ खुशाल लावा, फक्त जखमेवर नको आणि भाजेल इतकं गरम नको.

दवाखान्यातली ताई

उवांचं मांजराकाठताईंनी लिहिलं होतं, त्याला एक जोड. शाळेतल्या मुलींना लावताना तेलातला लेप डोळ्यात उतरू देऊ नका, डोकं खाजवून जखमा झाल्या असतील तर लावू नका, आणि नंतर बारीक दातांच्या फणीनं लिखा काढल्याशिवाय काम पुरं होत नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा.